बूट कोण शोधतं

सार्डिनच्या डब्यांवर तारखा छापणाऱ्या आईला
घरी एकही तारीख पाळता येईना.
शाळेची चिठ्ठी, दातांचा डॉक्टर, दुआर्तची परीक्षा,
सगळं फ्रिजच्या दारावर, एकावर एक,
खालचं पिवळं पडेपर्यंत.

दुआर्त नऊ वर्षांचा. पायाला भिंगरी.
कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, लाडानं बिघडलाय.
बाईंनी वहीत लिहिलं: हुशार आहे, पण.
'पण'च्या पुढे काही नव्हतं,
नुसता पूर्णविराम, कागद फाटेल इतका दाबून.

रोज सकाळी पावणेआठला
एक बूट मिळायचा, दुसरा नाही.
आई ओरडायची, दुआर्त रडायचा,
बाबा दार आपटून मातोझिन्योशच्या धक्क्यावर जायचे,
आणि मी बूट शोधायचे.
पलंगाखाली. गॅलरीत. एकदा ओव्हनमध्ये.
मला बारावं लागलं होतं
आणि घरातले सगळे सांदीकोपरे तोंडपाठ होते.

मग दवाखान्यातून कागद आला, त्यावर चार अक्षरं,
एडीएचडी,
आणि दर गुरुवारी मेट्रोनं पोर्तो,
चौथा मजला, लिफ्ट बंद.
फिलोमेना नावाची बाई. जाड चष्मा, लोकरी मोजे,
टेबलावर अर्धवट सोललेलं संत्रं.
मला वाटलं, ही दुआर्तला दुरुस्त करणार
घड्याळजीसारखी: झाकण उघडून, फुंकर मारून, परत.
ती म्हणाली, "मोडलेलं काही दिसत नाही मला."
बाबा उठले. "मग पैसे कशाचे?"
जिन्यावर त्यांची पावलं. चार मजले. आम्ही मोजली.

पुढच्या गुरुवारी ते आले.
का, ते कुणी विचारलं नाही.

फिलोमेनानं आईला शिकवलं:
आधी खांद्यावर हात, मग वाक्य.
एका वेळी एकच. दात घास. थांब.
'आवर' हा शब्द महिनाभर बंद,
कारण आवर म्हणजे सतरा कामं
आणि दुआर्तला त्यातलं सोळावं आधी ऐकू यायचं.

दुआर्तनं तिला सांगितलं,
डोक्यात सगळ्या बोटी एकदम धक्क्याला लागतात,
सगळे ओरडतात, आधी माझे मासे, आधी माझे.
"मग आज कुठली बोट?"
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
"संत्र्याची," म्हणाला, आणि एक फोड उचलली.

एकदा निघता निघता, कोट घालताना, तिनं विचारलं,
"आणि बूट कोण शोधतं?"
सगळे एकमेकांकडे बघू लागले.
खरंच कुणाला माहीत नव्हतं.
बूट सापडायचे, जशी सकाळ व्हायची.
मी हात वर केला, वर्गात करतात तसा,
आणि मग तो खाली घेता येईना.

"बोटीवर मला 'उद्या' म्हणतात," बाबा म्हणाले.
कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.
"वीस वर्षं. ऑरेलियु नाही, उद्या.
मीही हसतो."
आईच्या कोटाची एक बाही तशीच लोंबत होती.
फिलोमेनानं काही लिहून घेतलं नाही.
संत्र्याची बशी त्यांच्याकडे सरकवली.

आता दाराशी मासळीचा निळा क्रेट आहे.
कितीही धुतला तरी वास जात नाही.
सगळ्यांचे बूट त्यात, बाबांचे गमबूटसुद्धा.
कधी कधी त्यात एकच बूट असतो.
आई ओरडतेच, मग आठवतं,
मग खांद्यावर हात ठेवते,
उलट्या क्रमानं का होईना.

काल माझा मोजा हरवला.
दुआर्त म्हणाला, बेनेदिता, थांब, मी शोधतो,
आणि वाटेत रेडिओचे स्क्रू काढत बसला.
मी उठले नाही शोधायला.
एकाच मोज्यावर शाळेत गेले,
दिवसभर डावा पाय गार.
कुणाला सांगितलं नाही, पण
मजा आली.